अशरण म्हणजे कोण?



दशलक्षण पर्व आटोपलं, क्षमावाणी झाली, आणि माझ्या उजव्या हाताचं प्लास्टरही निघालं. अक्षर अजून वाकडं येतं. पण महिनाभर एका शब्दानं डोक्यात ठाण मांडलं होतं, तो कागदावर उतरल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट श्रावणातली आहे. आमच्या पांढरकवड्याला तीन दिवसांची झड लागली होती. मागच्या अंगणात हिरवंगार शेवाळ. तुम्हाला सांगायला नको, शेवाळात अनंत जीव, म्हणून चातुर्मासात आपण ते खरवडत नाही, वर फळ्या टाकून चालतो. सकाळी पाणी गाळलं, जिवाणी विहिरीत सोडली आणि परत येताना फळीवरून पाय सटकला. उजव्या हातावर पडले. मनगटातून असा आवाज आला की कळलं, मोडलं.

घरात कोणी नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, लेक पुण्याला. भांडेवाली पावसामुळे आली नव्हती. मोबाईल स्वयंपाकघरात. हाका मारल्या, पण झडीत कोणाला ऐकू जाणार? किती वेळ गेला ठाऊक नाही. मग मागचं फाटक वाजलं. सूप-टोपल्या विकायला येणारी कोलाम बाई डोक्यावर प्लास्टिक घेऊन उभी होती. वीस-बावीस वर्षांपासून ती आमच्याकडे येते. मला पाहून धावत आली, आणि दोन पावलांवर थांबली.

म्हणाली, "हात लावू काय जी बाई?"

मैत्रिणींनो, मी चिखलात पडलेले, मनगट लोंबतंय, आणि ती मला परवानगी विचारते आहे. पुढचं सगळं तिनं केलं. उठवलं, ओट्यावर बसवलं, शेजारी जाऊन बोलावून आणलं. डॉक्टर, एक्स-रे, सहा आठवड्यांचं प्लास्टर, ते सगळं रीतसर झालं. पण तिचा तो प्रश्न मनगटापेक्षा जास्त दुखत होता. का दुखत होता, ते कळायला मात्र वेळ लागला.

रात्री लेकीचा फोन आला. मी नेहमीसारखं म्हटलं, "काही नाही गं, जरासं लागलं." ती चिडली. म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हाही तू असंच म्हणालीस. चार वर्षांत एकदाही मला म्हणाली नाहीस की तुला भीती वाटते. तू कधी व्हल्नरेबल होतच नाहीस."

मलाही राग आला. म्हटलं, "मराठीत सांग." ती गप्पच झाली. मग तिनं मोबाईलवर शोधून सांगितलं की हा शब्द लॅटिनमधल्या 'व्हुल्नस'वरून आला. व्हुल्नस म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. "पण मराठी शब्द मला नाही सांगता येत, तूच शोध," म्हणाली आणि फोन ठेवला.

हात गळ्यात बांधलेला, स्वयंपाक बंद, जावेकडून डबा येत होता. मग मी शब्दच शोधत बसले. १९८२ ची नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आहे मी, भाषेची पंडित नाही. पण आयुष्यभर अडतीच्या वह्या तपासल्यात, खतावणीत दहा पैशांचा फरक आला तरी झोप लागत नसे. तसंच या शब्दाचं झालं. जमेला आहे, नावे सापडत नाही.

पहिला आठवला 'हळवी'. पण हळवी म्हटलं की मालिका पाहताना डोळे पुसणारी. मूळ पाहिलं तर हळवा, हळू, हलका ही सगळी भावंडं आहेत, 'लघु'पासून उलटापालट होत आलेली. म्हणजे वजनाला कमी. आपल्या भागात जमिनीलाही हलकी आणि भारी म्हणतात. हलक्या जमिनीत ओल टिकत नाही, चार दिवस ऊन पडलं की कपाशी माना टाकते. हा अर्थ थोडा जवळ आला, पण पुरा नाही.

मग 'असहाय'. याची फोड मला फार आवडली. सहाय म्हणजे 'सह' आणि 'अय', बरोबर जाणारा. मदत करणारा हा अर्थ नंतरचा, आधी नुसतं सोबत चालणं. म्हणजे ज्याच्यासोबत चालायला कोणी नाही तो असहाय. तसाच 'अगतिक'. गती नाही, जायला वाट नाही. आपल्याला तर चार गती पाठ आहेत, त्यामुळे या शब्दावर मला हसूही आलं. चार गतींतून फिरून फिरून थकलेल्या जिवाला लोक म्हणतात, अगतिक झाला!

'अभेद्य' हा शब्द आपण सर्रास वापरतो. अभेद्य किल्ला, अभेद्य भिंत. पण 'भेद्य' कोणी म्हणतं का? अमुक बाई भेद्य आहे, असं मी साठ वर्षांत ऐकलं नाही. न तुटणाऱ्याचं कौतुक करायला शब्द ठेवला आणि तुटू शकणाऱ्याचा शब्द कोशात टाकून दिला.

आणि सगळ्यात गंमत 'वर्म' या शब्दाची. वर्मावर बोट ठेवलं, वर्मी घाव बसला, असं आपण म्हणतो. म्हणजे नेमकी नाजूक जागा. सुश्रुतांनी शरीरात अशी १०७ मर्मं सांगितली आहेत, मनगटाचं त्यात एक आहे. पण संस्कृतात 'वर्म' म्हणजे काय ठाऊक आहे? चिलखत! वर्मा हे आडनाव त्यावरून आलं. मराठीत जी दुखरी जागा, ती संस्कृतात तिच्यावरचं झाकण. मी बराच वेळ हसत बसले. मग हसू थांबलं. "मला काही होत नाही" हे माझं चिलखत, आणि लेकीनं बोट ठेवलं ते नेमकं त्याच्यावरच.

पण चिलखतही एका हातानं सांभाळता येत नाही. पाणी गाळायचं तर दोन हात लागतात. दुहेरी कापड धरा, ओता, पिळू नका, हलक्या हातानं उलटं करा, जिवाणी परत विहिरीत सोडा. चाळीस वर्षांत हे काम मी कोणाला करू दिलं नव्हतं. जाऊ रोज येऊ शकत नव्हती. भांडेवालीची सुट्टी लांबली. चौथ्या दिवशी टोपलेवाली हात कसा आहे ते पाहायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "हे कापड धरशील का?" ती घाबरली. "मी? विहिरीपाशी?" म्हणाली. मग मी सांगत गेले आणि ती करत गेली. विचारलं, "हे उरलेलं पाणी परत काऊन सोडता जी?" म्हटलं, यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ज्या पाण्यातले त्या पाण्यात परत गेले पाहिजेत, नाहीतर मरतील. तिनं मान हलवली, आणि कडी लावलेली बादली इतक्या सावकाश खाली सोडली की माझी सासू असती तर शाबासकी दिली असती.

त्यानंतर ती एक दिवसाआड यायला लागली. एका दिवशी सोबत लेकीला घेऊन आली. हातात एक कागद. घरकुलाचा काहीतरी अर्ज होता, वाचून पाहा म्हणाली. पोडावरचं तिचं घर झडीत तिन्ही बाजूंनी गळतं, हे मला तेव्हा कळलं. वीस-बावीस वर्षं मी तिच्याकडून सूप घेते. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाची काळजी मी रोज घेतली, पण पावसाळ्यात तू झोपतेस कुठे, हे तिला कधी विचारलं नाही.

कागदावर एक ओळ होती आणि त्या ओळीत माझा हरवलेला शब्द. 'विशेष असुरक्षित आदिवासी समूह.'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोलाम हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले जुने रहिवासी. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या बाजूला त्यांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती. त्यांची कोलामी बोली मराठीच्या नाही, तेलुगू-गोंडीच्या कुळातली. बांबूच्या टोपल्या विणण्यात त्यांचा हात धरणारा नाही. देशात असे ७५ समूह सरकारनं वेगळे नोंदवले आहेत. महाराष्ट्रातले तीन, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. आधी त्यांना 'आदिम' म्हणत, बोलण्यात अजूनही म्हणतात. २००६ मध्ये इंग्रजी नाव बदललं आणि त्यात व्हल्नरेबल हा शब्द आला. त्याचं मराठी केलं 'असुरक्षित'. १५ नोव्हेंबर २०२३ ला जनमन योजना सुरू झाली, त्यात या समूहांना पक्की घरं, रस्ते, पाणी द्यायचं ठरलं. तिचा कागद त्यातलाच होता.

लेकीनं आईला तो शब्द वाचून दाखवला. आई मला विचारते, "आमी असुरक्षित आहो म्हणे. म्हंजे काय जी? वाघाचं म्हणते का?"

आम्ही तिघीही हसलो. पण तिचं काय चुकलं? टिपेश्वरचं अभयारण्य आमच्या तालुक्यातच आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात त्या वाघिणीच्या नावावर १३ बळी नोंदले गेले, तेव्हा संध्याकाळी पाचनंतर शेतात कोणी थांबत नसे. तिला 'अवनी' म्हणत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. मागे दोन बछडे राहिले. ज्यांची माणसं गेली ती घरं उघडी पडली आणि ते बछडेही.

कागदाचा अर्थ मी तिला सांगितला खरा, पण मला स्वतःलाच तो पटेना. असुरक्षित म्हणजे नीट राखण नसलेला. कुलूप लावा, भिंत बांधा, सुरक्षित झाला. घर पक्कं झालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण माझं घर तर पक्कंच आहे. स्लॅब आहे, लोखंडी फाटक आहे, बँकेत ठेव आहे. तरी त्या सकाळी अंगणात 'विशेष असुरक्षित' कोण होतं? आणि उचलायला कोण आलं?

आपल्या ताळेबंदाच्या खाली एक तळटीप असते. संभाव्य देणी. कोणाच्या कर्जाला जामीन राहिलो असू, कोर्टात दावा असेल, तर ती रक्कम बेरजेत धरत नाहीत, खाली बारीक अक्षरात लिहितात. वाचणारा बेरीज पाहून खूश होतो. माझं तसंच झालं होतं. बेरीज छान होती, तळटीप मी वाचतच नव्हते.

दशलक्षण सुरू झालं. तुम्हाला माहीतच आहे, या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक याप्रमाणे वाचतात. नवव्या दिवशी नववा अध्याय होता. सातव्या सूत्रात बारा अनुप्रेक्षा येतात, त्यातली पहिली अनित्य आणि दुसरी अशरण. लहानपणापासून बारा भावना पाठ आहेत, झोपेतही म्हणेन. पण त्या दिवशी गळ्यात बांधलेला हात घेऊन बसले होते, आणि तो शब्द पहिल्यांदा ऐकला असं वाटलं.

शरण म्हणजे आसरा. संस्कृतात घरालाही शरण म्हणतात. मराठीत मात्र शरण जाणं म्हणजे हरणं झालं, शस्त्र खाली ठेवणं झालं. मूळ अर्थ हरण्याचा नाही, आडोशाला जाण्याचा आहे. अशरण म्हणजे ज्याला आडोसा नाही. आणि भावना काय सांगते? की गरिबाला आडोसा नाही, विधवेला नाही, पोडावरच्याला नाही, असं नाही. कोणालाच नाही. कुंदकुंदाचार्यांच्या बारस अणुवेक्खेत सांगितलं आहे की मरणाच्या वेळी मणी, मंत्र, औषधं, राखणदार, हत्ती, घोडे, रथ, काही कामाला येत नाही. सर्वार्थसिद्धीत दृष्टान्त आहे तो भुकेल्या वाघानं एकांतात पकडलेल्या पाडसाचा. पांढरकवड्यात राहून हा दृष्टान्त मी पोथीतला समजत होते! टोपलेवालीनं मात्र शब्द ऐकताच वाघ ओळखला होता.

माझा शब्द मला सापडला, मैत्रिणींनो. सरकारी कागदावर 'असुरक्षित' हा काही लोकांचा रकाना आहे. आपल्या शास्त्रात 'अशरण' हा रकाना नाही, ती सगळ्या जिवांची स्थिती आहे. इंद्रही त्यातच, आणि विहिरीतला जीवही.

पण एवढंच कळलं असतं तर माणूस घाबरून अजून घट्ट झाला असता. मी चार वर्षं तेच केलं. ह्यांच्या जाण्यानं आडोसा गेला तर मी स्वतःच भिंत झाले. म्हणून त्याच्या आधीचं सूत्र, सहावं, पुन्हा वाचलं. त्यात दहा धर्म आहेत, ज्यांचं हे पर्व. उत्तम क्षमेनंतर लगेच उत्तम मार्दव. मार्दव म्हणजे मृदूपणा, मऊपणा. आवाजात मार्दव आहे, असं आपण कौतुकानं म्हणतो. शास्त्रात तो मानाच्या विरुद्ध ठेवला आहे. आणि मान कशाकशाचा? आठ मद सांगितलेत. ज्ञानाचा, पूजेचा, कुळाचा, जातीचा, बळाचा, ऋद्धीचा, तपाचा, रूपाचा. बळ तर मनगटासोबत मोडलं. रूपाचा प्रश्न साठीनंतर उरत नाही. पण कुळाचा आणि जातीचा?

तेव्हा मला तो प्रश्न का दुखत होता ते कळलं. "हात लावू काय जी?" हे तिला कोणी शिकवलं? मीच. वीस-बावीस वर्षं टोपल्या ओट्याखाली ठेवून घेतल्या. पैसे तिच्या हातात न देता वरून टाकले. सोवळ्याच्या नावाखाली. पाणी गाळण्यामागे जिवाची दया आहे हे मला पाठ होतं, पण त्याच पाण्याचा पेला तिला कधी दिला नव्हता. सोवळं पाळणं वेगळं आणि माणसाला दोन पावलांवर उभं करणं वेगळं, हे मोडलेल्या मनगटानं शिकवलं.

लेक म्हणते ते व्हल्नरेबल होणं आणि आपलं मार्दव, हे मला आता जवळचे वाटतात. जखम होऊ शकते हे सत्य, ते अशरण. ते मान्य करून कडक न होता मऊ होणं, ते मार्दव. इंग्रजीनं दोन्ही एका शब्दात कोंबलं, आपल्याकडे ते लागोपाठच्या दोन सूत्रांत आहे.

क्षमावाणीला मंदिरात सगळ्यांना उत्तम क्षमा म्हटलं. जावेला, नणंदेला, जिच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते त्या काकूंनाही. ते सोपं असतं, सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी टोपलेवाली आली. तिला आत बोलावलं, पाटावर बसवलं, तिनंच गाळलेलं पाणी दिलं. मग हात जोडता येत नव्हते म्हणून डावा हात छातीशी धरून म्हटलं, "आजपर्यंत जे वागले, त्याची क्षमा कर."

ती गोंधळली. "हे काय जी बाई? हात तं तुमचा मोडला. माफी तुमी काऊन मांगता?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं पाणी प्यालं, पेला पालथा घालायला विहिरीकडे निघाली तेव्हा मी म्हटलं, राहू दे. अर्जाचं काय झालं ते विचारलं. अजून काही कळलं नाही म्हणाली. आता प्लास्टर निघालं आहे, पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत मी कार्यालयात जाणार आहे. सहाय म्हणजे सोबत चालणारा, एवढं तर जमेल.

त्या रात्री लेकीला फोन केला. शब्द सापडला म्हणून सांगायचं होतं. पण ती "बोल आई" म्हणाली आणि माझ्या तोंडून दुसरंच आलं. म्हटलं, "मला रात्री भीती वाटते गं. पाऊस लागला की जास्त वाटते." पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "मलाही वाटते आई. रोज रात्री फोन करत जाऊ." आता नऊ वाजले की मी फोन जवळ घेऊन बसते.

माझ्या लिहिण्यात कुठे चूक झाली असेल, शास्त्राचा अर्थ सांगताना कमी-जास्त झालं असेल, तर तुम्हा सगळ्यांना उत्तम क्षमा. आणि एक विचारते, रागावू नका. या क्षमावाणीला आपल्या फाटकाबाहेर उभं राहून कोणी परवानगी मागत होतं का, ते एकदा आठवून पाहा.

जय जिनेंद्र.